गुळवेल : गुणकारी खरी, पण विचारूनच घ्यावी

कोरोनाच्या साथीत, २०२० साली, गिरगाव, दादर, परळ, लालबाग भागांतील अनेक घरांत रोज सकाळी गुळवेलीचा काढा उकळू लागला. साथ ओसरली, पण गोळ्या, रस आणि चूर्ण या रूपांत गुळवेल आजही दुकानांत सहज मिळते. म्हणून तिच्याविषयी काही गोष्टी समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गुळवेल ही झाडांवर चढणारी, हृदयाच्या आकाराच्या पानांची वेल. संस्कृतात तिला गुडूची व अमृता म्हणतात. औषधासाठी मुख्यत्वे तिचे खोड वापरतात. जीर्णज्वर, कावीळ, संधिवात अशा विकारांत आयुर्वेदाने तिचा उपयोग सांगितला आहे. कडुनिंबावर चढलेली वेल विशेष गुणकारी मानली जाते.

या वेलीचे आधुनिक संशोधन आपल्या परळमध्येच झाले आहे. केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञ व मराठी लेखिका दिवंगत डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा रोगप्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम अभ्यासला. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना गुळवेल दिल्यास जंतुसंसर्गाशी झुंजण्यास मदत होते, असे त्यांच्या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मात्र हे उपचार रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते.

याची दुसरी बाजूही मुंबईतच समोर आली. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत जसलोक रुग्णालयाच्या यकृततज्ज्ञांना व त्यांच्या सहकाऱ्यांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झालेली दिसली. त्यांचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला : रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जातही असू शकते. पुढे २०२२ साली देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली.

प्रतिकारशक्ती चेतवणारे औषध यकृताला कसे बाधावे? तज्ज्ञांचे म्हणणे असे, की काही व्यक्तींची प्रतिकारशक्ती मुळातच स्वतःच्या शरीरावर उलटण्याच्या प्रवृत्तीची असते. ती आणखी चेतवली गेली, तर यकृतावर हल्ला होऊ शकतो. थायरॉइडचे काही विकार व आमवात हे अशा प्रवृत्तीचेच आजार होत.

म्हणून वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असे समजू नये. यकृताचा विकार, थायरॉइड, आमवात किंवा मधुमेह असल्यास वैद्य वा डॉक्टरांना विचारल्याखेरीज गुळवेल सुरू करू नये. काढा, रस आणि गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत. महिनोन्‌महिने तर मुळीच नाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर औषध तत्काळ थांबवून यकृताची रक्ततपासणी करावी आणि आपण काय काय घेत होतो, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. घरगुती औषध म्हणून पुष्कळजण ते सांगतच नाहीत आणि निदानाला उशीर होतो.

आजीच्या बटव्याचा आम्हांस आदरच आहे. पण त्या बटव्यातून कोणाला, किती आणि किती दिवस द्यायचे, हे आजी माणूस पाहून ठरवी. बाटलीवरच्या चिठ्ठीला ते जमत नाही.