'रस' : एक शब्द, अनेक अर्थ

औषधालयाच्या एकाच फळीवर 'आवळा रस' आणि 'त्रिभुवनकीर्ति रस' शेजारी शेजारी ठेवलेले आढळतात. पहिला फळ पिळून काढलेला द्रव. दुसरा हिंगुळ व वत्सनाभयुक्त कल्प. नावातील शब्द मात्र एकच. आयुर्वेदात 'रस' या दोन अक्षरांनी जेवढे अर्थ वाहिले आहेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या शब्दाने वाहिले असतील. म्हणूनच त्याच्या अर्थांचा मागोवा घेणे हा केवळ व्युत्पत्तीचा विषय राहत नाही. तो रुग्णाच्या सुरक्षिततेचाही विषय होतो.

वैदिक वाङ्मयात रस म्हणजे द्रव, वनस्पतीतील सार. ऋग्वेदात 'रसा' नावाच्या नदीचाही उल्लेख येतो. लॅटिनमधील 'रोस्' व लिथुआनियन भाषेतील 'रसा' हे दववाचक शब्द याच कुळातील आहेत. द्रवाची चव जिभेला कळते, म्हणून 'रस'चा अर्थ आस्वादाकडे वळला. चरकाचार्यांनी रसनेंद्रियाचा विषय तो रस, असे सांगितले. रस नेमके किती, याविषयी सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात ऋषींची चर्चा आहे. भद्रकाप्य एकच रस मानतात, तर कांकायन असंख्य. अखेरीस आत्रेयांनी मधुरादी सहा रसांचा सिद्धांत स्थापन केला.

सुश्रुताचार्यांनी गती हा अर्थ पुढे आणला. अहोरात्र शरीरात संचार करतो, तो आद्य धातू रस. भैषज्यकल्पनेत हाच शब्द पंचविध कषायांपैकी पहिल्या कल्पनेत, म्हणजे 'स्वरसा'त येतो, तर आहारकल्पनेत 'मांसरसा'त. रसशास्त्रात अर्थ पुन्हा पालटला. सर्व धातूंना गिळून टाकतो म्हणून पारद हाच 'रस', अशी व्युत्पत्ती रसरत्नसमुच्चयकारांनी दिली. महारस, उपरस, साधारण रस या संज्ञांनी तर अभ्रक, गंधक, हिंगुळ अशी खनिजेही या शब्दाच्या कक्षेत आली.

मराठीने या शब्दाला घरात आणले. आमरस, रसवंतीगृह, रसाळ, रसिक, नीरस, एखाद्या गोष्टीत 'रस असणे' ही सारी त्याचीच संतती. त्यामुळे सामान्य रुग्णाच्या मनात रस म्हणजे काहीतरी पिळून काढलेले, निरुपद्रवी. 'मी फक्त झाडपाल्याचेच औषध घेतो', असे सांगणारा रुग्ण कित्येकदा पारदयुक्त कल्प घेत असतो.

नावावरून घटकद्रव्ये ओळखावीत, तर तीही वाट सरळ नाही. आरोग्यवर्धिनीच्या रूढ नावात 'रस' नाही, परंतु तिच्यात कज्जली आहे. उलट प्रवाळ पंचामृत रसाच्या पाठात पारद नाही. गंधक रसायनात तो नाही; रसांजन तर दारुहरिद्रेच्या क्वाथापासून सिद्ध होते. आणि 'रसोन', म्हणजे लसूण, हे नाव सहापैकी एक, अम्ल, रस उणा असल्याने पडले.

हा गोंधळ आता आपल्या चार भिंतींत राहिलेला नाही. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, आणि शास्त्रोक्त रसकल्प व सदोष निर्मिती यांतील भेद जगाला समजावून सांगण्याचे दायित्व आपल्यावर आले. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१)मध्ये पारद, हिंगुळ, वत्सनाभ ही द्रव्ये समाविष्ट आहेत. अशी द्रव्ये असलेल्या, पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. परंतु लेबलावरील बारीक अक्षरांपेक्षा वैद्याचा शब्द रुग्णाच्या अधिक लक्षात राहतो.

यास्तव वैद्यांनी व्यवस्थापत्रात वनस्पतीच्या ताज्या द्रवासाठी 'स्वरस' हाच शब्द लिहावा. 'वासा रस' असे मोघम लिहू नये. शार्ङ्गधरोक्त स्वरसाची मात्रा अर्धा पल आहे, तर रसकल्पांची गुंजांमध्ये मोजली जाते. या दोहोंची अदलाबदल घातक ठरू शकते. रसकल्पाचे पूर्ण नाव, मात्रा, अनुपान व कालावधी स्पष्ट नोंदवावा आणि त्यात खनिज द्रव्य आहे, हे रुग्णास सांगावे. औषधालय चालकांनी स्वरस व रसकल्प यांची फळी वेगळी ठेवावी, आणि केवळ नाव ऐकून 'रस' मागणाऱ्या ग्राहकास व्यवस्थापत्र विचारावे.

शब्दाचे अनेक अर्थ हे आपल्या शास्त्राचे वैभव आहे. प्रसंगी त्यातील कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे स्पष्ट करणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.