कॉर्न स्नेकच्या पिल्लाचे पहिले भक्ष्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात, दक्षिण न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत आढळणारा कॉर्न स्नेक हा बिनविषारी सर्प घरी पाळल्या जाणाऱ्या सर्पांत अतिशय लोकप्रिय आहे. लिनीयसने १७६६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. दीर्घकाळ एलाफे या प्रजातीत गणला गेलेला हा सर्प आता पँथेरोफिस गटॅटस या नावाने ओळखला जातो. आपल्याकडील तस्कराप्रमाणे तोही भक्ष्याला विळखा घालून मारतो. त्याचे ‘कॉर्न’ हे नाव ज्या मक्याच्या कोठारांत तो उंदरांच्या मागावर शिरे त्यांवरून पडले, की पोटावरील रंगीत कणसासारख्या चौकटींवरून, याविषयी दोन मते आहेत. व्युत्पत्तीचा हा मोह प्रस्तुत लेखकास आवरणे कठीण. तथापि येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या प्रश्नाचा.

प्रौढ कॉर्न स्नेक उंदीर सहसा नाकारत नाही. मात्र अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले त्याचे पिल्लू कित्येकदा समोर ठेवलेल्या उंदराच्या पिल्लाकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि त्याच्याशेजारी पडून राहून उपाशी मरते. पाळणारे यास ‘नकार’ म्हणतात. हा शब्द फसवा आहे. नकार द्यावयाचा तर वस्तू आधी ओळखावी लागते. या पिल्लाने पुष्कळदा ती भक्ष्य म्हणून ओळखलेलीच नसते.

सर्प भक्ष्य ओळखतो तो मुख्यतः रासायनिक खुणांवरून. दुभंगलेली जीभ बाहेर काढून तो हवेतील व पृष्ठभागावरील सूक्ष्म कण उचलतो आणि टाळूतील जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोचवितो. दृष्टी, हालचाल व ऊब यांचा भाग आहेच. परंतु ‘हे खाण्याजोगे आहे’ असा निर्णय बहुतांशी या इंद्रियाच्या आधारे होतो. प्राण्यांच्या संकेतव्यवहाराच्या अभ्यासास टॉमस सेबिओक यांनी १९६३ मध्ये ‘झूसेमिऑटिक्स’ हे नाव दिले. एका भाषाभ्यासकाला सर्पाच्या भुकेत रस वाटावा, याचे कारण या नावातच आले.

ही ओळख शिकावी लागते की उपजत असते? गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ज्यांनी अद्याप काहीच खाल्ले नव्हते अशी सर्पांची नवजात पिल्ले घेतली, आणि निरनिराळ्या प्राण्यांच्या त्वचेच्या अर्कात बुडविलेले कापसाचे बोळे त्यांच्यापुढे धरले. ज्या जातीचे जे नैसर्गिक भक्ष्य, त्याच्या अर्काला पिल्लांनी अधिक वेगाने जीभ लावली. काहींनी बोळ्यावर हल्लाही केला. पुढे स्टीव्हन अरनॉल्ड यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गार्टर सर्पाविषयी याहून सूक्ष्म गोष्ट दाखविली. एकाच जातीच्या किनारी प्रदेशातील पिल्लांनी तेथे विपुल असणारी गोगलगाईसारखी बिनकवची स्लग खाल्ली. जेथे स्लग आढळत नाही त्या अंतर्भागातील पिल्लांपैकी बहुतेकांनी ती खाल्ली नाही. ही ओळख जातीनुसार तर बदलतेच, पण प्रदेशानुसारही बदलते. भाषेच्या विद्यार्थ्याला येथे बोलींची आठवण व्हावी. मात्र बोली शिकावी लागते आणि ही ओळख रक्तातून येते, हा भेद विसरून चालणार नाही.

आता कॉर्न स्नेककडे वळू. रानात त्याचे पिल्लू आरंभी प्रामुख्याने लहान सरडे व वृक्षमंडूक यांवर जगते. उंदरांकडे ते वाढत्या वयात वळते. पाळणारा मात्र त्याला पहिल्याच दिवसापासून ‘पिंकी’, म्हणजे एकदीड ग्रॅम वजनाचे, केस न आलेले उंदराचे पिल्लू देऊ करतो. बहुसंख्य पिल्ले ते स्वीकारतात हेच खरे नवल. जी स्वीकारत नाहीत, त्यांत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील ‘कीज’ बेटांवरील वंशाची पिल्ले पाळणाऱ्यांना विशेष हट्टी वाटतात. ती सरड्याचाच आग्रह धरतात.

म्हणूनच अनुभवी मंडळींची युक्ती पाहण्यासारखी आहे. पिंकी साबणाच्या पाण्याने धुऊन तिचा मूळ वास घालवावयाचा आणि मग ती हिरव्या ॲनोल सरड्याच्या अंगावर घासावयाची. वस्तू उंदराची, खूण सरड्याची. उंदराला तोंड न लावणारे पिल्लू अनेकदा रात्रीतून ती गिळते. पुढील काही जेवणांत सरड्याचा वास थोडा थोडा कमी केला, की बहुधा ते साध्या पिंकीवर स्थिरावते. उपजत खुणेच्या आधाराने नवी खूण शिकविली जाते, असे म्हणावयास हरकत नाही. पिंकीच्या डोक्यास छेद देऊन मेंदूचा वास मोकळा करण्याचीही रीत आहे. ऐकावयास ती क्रूर वाटते, परंतु पिंकी आधीच मेलेली असते.

तरीही प्रत्येक उपवासाचे कारण ओळखीत शोधणे चुकीचे ठरेल. अंड्यातून आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा शेष असतो. आठदहा दिवसांनी पहिली कात टाकीपर्यंत ते सहसा खातच नाही, आणि त्याआधी त्याच्यापुढे भक्ष्य नाचविण्यात अर्थ नसतो. खोक्याच्या एका बाजूस सुमारे २८ ते ३० अंश सेल्सिअस ऊब नसेल तर पचन चालत नाही. मोठ्या, उघड्या पेटीत पिल्लू भयाने दडून बसते. लहानशा बंद डबीत, अंधारात, कोमट केलेल्या पिंकीसह त्याला रात्रभर एकटे सोडणे हा सर्वांत साधा उपाय, आणि नेमका तोच उतावीळ माणसाला साधत नाही.

सहासात ग्रॅम वजनाच्या या जिवाला खरा धोका असतो तो बहुधा त्या उतावीळपणाचाच. पाणी असल्यास निरोगी पिल्लू काही आठवडे उपाशी तग धरू शकते; रोज नवे भक्ष्य पुढे करणे, हाताळणे, चौथ्याच दिवशी जबड्यात पिंकी कोंबणे यांनी ते खचते. बळाने भरविणे हा अखेरचा उपाय आहे, आणि तो जाणत्या हातानेच व्हावा. पिल्लू खाऊ लागले की दर पाचसहा दिवसांनी एक पिंकी पुरते, आणि खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला हात लावू नये. हाताळल्यामुळे किंवा थंडीमुळे ते भक्ष्य ओकले, तर सुमारे दहा दिवस थांबून पुढचे भक्ष्य पूर्वीपेक्षा लहान द्यावे.