पितळी कठड्यांची 'दिल्ली'

दिवाळीतल्या किल्ल्याची माती अंगणातली, मावळे मात्र कुंभार गल्लीतून आणायचे. प्लास्टिकच्या छोट्या युद्धनौकांच्या छंदातही अशीच वाटणी असते. जहाजाचं किट एका कंपनीचं; कठडे, शिड्या, रडारच्या जाळ्या हा साज दुसऱ्याच कुणाचा. चेक प्रजासत्ताकातली एडुआर्ड, अमेरिकेतली गोल्ड मेडल मॉडेल्स ही पितळी पत्र्यांच्या कामातली जाणती नावं. पोलंडची मास्टर कंपनी तर तोफांच्या नळ्या लेथवर कातून देते.

एवढा खटाटोप कशाला? १:६०० प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावरचे साठ सेंटिमीटर. साच्यातलं प्लास्टिक फार पातळ करता येत नाही, त्यामुळे मिलिमीटरभर जाड डोलकाठीसुद्धा खऱ्या मापात दोन फुटी खांब ठरते. मीटरभर उंचीचा कठडा इथे दोन मिलिमीटरही भरत नाही. तो पितळेतच जमतो. पत्र्याला प्रकाशाने बदलणारा लेप देतात, वर नक्षीची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश सोडतात, नको तिथला लेप धुऊन काढतात आणि उघडं पडलेलं पितळ फेरिक क्लोराइडला खायला देतात. इलेक्ट्रॉनिक्सचे सर्किट बोर्ड होतात तसंच. जिथे घडी घालायची तिथे पत्रा अर्धाच खाल्लेला असतो, म्हणून तो बरोबर रेषेवर वाकतो.

पुढचं काम सोनाराच्या जातीचं. टोकदार चिमटा, बारीक कानस, भिंग. पितळी पट्टी काचेवर ठेवून ब्लेड वरून दाबायचं. कात्री लावली की तुकडा उडालाच, मग बसा फरशीवर शोधत. पितळ आधी थिनरने पुसायचं, नाहीतर रंग धरत नाही. सुपरग्लू थेट नळीतून ओतायचा नाही, टाचणीच्या टोकाने लावायचा.

पण पितळापेक्षा मला अभ्यास मोठा वाटतो. एअरफिक्सचं 'एजॅक्स' या ब्रिटिश क्रूझरचं १:६०० किट जुनं आणि प्रसिद्ध. याच वर्गातली 'अकिलिस' १३ डिसेंबर १९३९ रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत होती आणि ५ जुलै १९४८ला भारताच्या ताफ्यात 'दिल्ली' म्हणून आली. १९५०मध्ये नेहरू तिच्यातूनच इंडोनेशियाला गेले. १९६१च्या गोवामुक्तीत ती दीवजवळ होती. म्हणजे 'एजॅक्स'च्या किटातून आपली 'दिल्ली' उभी राहते, पण नुसतं नाव बदलून नव्हे. युद्धकाळात 'अकिलिस'चा मागचा वरचा तोफघुमट काढला होता, म्हणून चारऐवजी तीन घुमट ठेवायचे. विमान आणि ते फेकणारं यंत्र वगळायचं. साध्या डोलकाठ्यांच्या जागी तीन पायांच्या, आणि विमानविरोधी तोफा वाढवायच्या. गंमत अशी की रिव्हर प्लेटच्या लढाईवरच्या १९५६च्या इंग्रजी चित्रपटात 'दिल्ली'ने स्वतःचीच, 'अकिलिस'ची, भूमिका केली, तीही त्या घुमटावाचून. तेव्हा पडद्यावरचं बघून १९३९चं मॉडेल करू नका.

आधी वर्ष ठरवा, मग फोटो जमवा, पितळ सर्वांत शेवटी. 'दिल्ली' ३० जून १९७८ला निवृत्त झाली. तिचा एक तोफघुमट आज न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नौदल तळावर उभा आहे. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या घरांत नौदलातल्या कुणाचा 'दिल्ली'च्या डेकवरचा फोटो असेल, तर तो अल्बममध्ये पडून राहू देऊ नका. मॉडेल करणाऱ्याला दाखवा.