लग्नातली माणसं रुंद का होतात?

साताऱ्यात काय अन् सांगलीत काय, नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट आता पेन ड्राइव्हवर उतरवल्या जात आहेत. मग सगळं घर मोठ्या टीव्हीसमोर बसतं आणि कुणीतरी विचारतंच, नवरदेव असा बसका का दिसतोय? फेटा पसरट, वरमाईचा चेहरा फुगलेला. दोष कॅसेटचा नसतो, रूपांतराचा असतो.

त्या काळचा पडदा 4:3 होता, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच. आजचा 16:9 आहे. जुनं चित्र नव्या पडद्यावर काठोकाठ ताणलं की प्रत्येक माणूस 33 टक्क्यांनी रुंदावतो. ताणण्याऐवजी मोठं करून वर-खाली कापलं, तर माणसं प्रमाणात राहतात, पण उंचीचा चौथा हिस्सा जातो. वर मुंडावळ्या कापल्या जातात, खाली लग्नाची तारीख. तिसरा मार्ग काळ्या पट्ट्यांचा. 1920 बाय 1080 ठिपक्यांच्या चौकटीत मधले 1440 चित्राला, उरलेले दोन्ही बाजूंना 240-240. पडदा रिकामा दिसतो म्हणून अनेकांना हे आवडत नाही, पण कॅमेऱ्यानं टिपलेलं लग्न पूर्ण दिसतं ते यातच.

खरी गोम आणखी आत आहे. आपल्याकडची पाल पद्धतीची कॅसेट संगणकात उतरवली की सहसा 720 बाय 576 ठिपक्यांची फाइल मिळते. भागाकार करून पाहा, 1.25 येतो. 4:3 चा मात्र 1.33. कारण इथला ठिपका चौरस नसतो, किंचित आडवा असतो, साधारण 16:15. ही नोंद फाइलमध्ये असते. चांगला कन्व्हर्टर ती वाचतो आणि चौरस ठिपक्यांत चित्र 768 बाय 576 धरतो. नोंद दुर्लक्षिली तर माणसं सहा टक्क्यांनी बारीक होतात. एवढा फरक चटकन लक्षात येत नाही, पण ओळखीचा चेहरा परका वाटू लागतो.

शिवाय पालच्या प्रत्येक चित्रातल्या सम आणि विषम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतरानं टिपलेल्या असतात. त्या आधी नीट जुळवून मगच आकार बदलावा लागतो. नाहीतर अक्षता टाकणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दाते फुटतात.

उलटा पेचही याच कृष्णाकाठचा आहे. वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेला आशुतोष गोवारीकरांचा 'स्वदेस' (2004) 2.35:1 या रुंद चौकटीतला. तो जुन्या 4:3 टीव्हीवर पडदाभर दाखवायचा, तर रुंदीचा जेमतेम 57 टक्के भाग उरतो. कोणता भाग ठेवायचा हे दृश्यागणिक कुणीतरी ठरवतं, आणि दिग्दर्शकानं कडेला उभं केलेलं गाव बाहेर पडतं. सगळं दाखवायचं तर वर-खाली पट्ट्या येतात. त्या सोसलेल्या बऱ्या.

कॅसेट उतरवायला देणाऱ्यांनी दुकानात स्पष्ट सांगावं : प्रमाण 4:3 च ठेवा, ताणू नका, कापू नका. फाइल हाती आल्यावर कार्यालयाच्या भिंतीवरचं, समोरून दिसणारं गोल घड्याळ शोधावं आणि पडद्यावर पट्टी लावून त्याची रुंदी-उंची मोजावी. दोन्ही सारखी भरली नाहीत, तर फाइल परत करावी आणि मूळ कॅसेट मात्र टाकू नये.