तीच पायरी कीं पुढची ?

विद्यार्थ्याच्या आयुष्यांत 'वर चढविला' आणि 'त्याच इयत्तेंत ठेविला' या दोन वाक्यांइतकीं वजनदार वाक्यें थोडींच असतील. पहिलें ऐकतांच घरांत पेढे येतात. दुसरें ऐकतांच मूल कोपऱ्यांत जाऊन बसतें. हाच न्याय आपण नकळत व्यायामशाळेंतही लावतों. मल्लखांबाची किंवा जिम्नॅस्टिक्सची तयारी करणाऱ्या मुलास गुरुजींनीं गेल्या वर्षींचाच संच पुन्हा करावयास सांगितला, तर त्यास तो अपमान वाटतो. वरच्या गटांत घातलें, तर तें बक्षीस वाटतें. वस्तुतः या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या कां चुकीच्या आहेत, आणि अशा प्रसंगीं मुलांनीं व त्यांच्या आईवडिलांनीं कसें वागावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांस बलोपासना नवी नाहीं. समर्थ रामदासांनीं सतराव्या शतकांत स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं नऊ याच दोन जिल्ह्यांत आहेत. सूर्यनमस्काराचे मोठे प्रसारक भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या औंध संस्थानांतील औंध आज सातारा जिल्ह्यांत, तर आटपाडी सांगली जिल्ह्यांत आहे. मल्लखांब तर नांवावरूनच मल्लांचा खांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनीं या विद्येस नवें जीवन दिलें, आणि पुढें ती महाराष्ट्रांतील आखाड्याआखाड्यांतून पसरली. कुस्तीगिरांचा हा पूरक व्यायाम आज स्वतंत्र स्पर्धेचा विषय झाला असून २०१९ सालीं त्याची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईंत भरली होती.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. खेळाडूच्या पुढें एक नव्हे, दोन शिड्या असतात. पहिली वयाची. शालेय स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट पाडलेले असतात, आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा क्रमानें खेळाडू पुढें जातो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा विभाग कोल्हापूर. या शिडीवर चढावयाचें कीं नाहीं, हें कोणास विचारावें लागत नाहीं. जन्मतारीखच मुलास वर ढकलते. दुसरी शिडी कसबाची. तिच्यावर मात्र पंचांग चालत नाहीं. अमेरिकेंत जिम्नॅस्टिक्समध्यें या दुसऱ्या शिडीस १ ते १० असे आंकडेच दिलेले आहेत. आपल्याकडे असे आंकडे नसले, तरी जाणता गुरु मनांतल्या मनांत तेंच माप लावीत असतो. बहुतेक दुःख उपजतें तें या दोन शिड्या एकच मानल्यामुळें. गेल्या वर्षीं लहान गटांत पहिला आलेला मुलगा यंदा मोठ्या गटांत दहावा आला, म्हणजे तो बिघडला असें नव्हे. वयाची शिडी त्यास वर घेऊन गेली, कसबाची अजून चढावयाची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कसबाची शिडी क्रमानेंच कां चढावी लागते, हें मल्लखांबाकडे पाहिलें असतां स्पष्ट होतें. गुळगुळीत, एरंडेल तेल चोळलेला लांकडी खांब; खालीं जाड, वर निमुळता, आणि शेवटीं मान व बोंड. अशा खांबावर शिकावयाची प्रारंभींची गोष्ट म्हणजे अढी. हातांनीं खांब धरून अंग उलटें करावयाचें आणि दोन्ही पायांची मिठी खांबास घालावयाची. पाहणारास ही गोष्ट सामान्य वाटते. परंतु पुढें तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा अशी जी मालिका येते, तिच्यांत ठिकठिकाणीं शरीराचा भार या अढीच्या पकडीवरच येऊन पडतो. अढी ढिली असेल, तर तो दोष अढींत दिसत नाहीं. तो तीन पायऱ्या वर, फिरकी घेतांना दिसतो, आणि तेव्हां मूल डोक्याकडून खालीं येत असतें. म्हणून गुरुजी जेव्हां म्हणतात, 'यंदा पुन्हा अढीच', तेव्हां ते मुलास मागें ओढीत नसतात. पुढील तीन पायऱ्यांचा पाया भरीत असतात.

यांत गुणांचा हिशेबही आहे, आणि तो मुलांनीं अवश्य करून पाहावा. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्समध्यें काठिण्याचे गुण निराळे व कृतीच्या सफाईचे निराळे धरतात. सफाईचे गुण १० पासून सुरू होऊन चुकीप्रमाणें कापले जातात : लहान चुकीस ०.१, मध्यम चुकीस ०.३, मोठ्या चुकीस ०.५ आणि पडल्यास पुरा १. काठिण्यांत मात्र सर्वांत सोपी कृति ०.१ ची, त्याहून कठीण ०.२ ची, याप्रमाणें एकेक दशांशानें किंमत वाढत जाते. समजा, एखाद्या मुलीनें ०.२ ची सोपी कृति काढून तिच्या जागीं ०.४ ची कठीण कृति घातली. ती साधली, तर लाभ ०.२ चा, त्या प्रयत्नांत ती पडली, तर तोटा १ चा. म्हणजे पांच वेळां साधून जें मिळवावें, तें एका पडण्यांत जातें. मल्लखांबाच्या गुणदानाचे नियम निराळे असले, तरी व्यवहार हाच. कच्ची कठीण कृति ही संपत्ति नसून कर्ज आहे.

गुणांहून महत्त्वाची गोष्ट शरीराची. मुलींची उंची साधारणपणें दहा ते तेरा आणि मुलांची बारा ते पंधरा या वयांत झपाट्यानें वाढते. या काळांत हातपाय लांबतात, शरीराचा तोल बदलतो, आणि काल सहज येणारी कृति आज एकाएकीं येईनाशी होते. हा आळस नव्हे. शरीर नवें झालें, त्यास जुनी विद्या पुन्हा शिकवावी लागते. शिवाय वाढत्या हाडांच्या टोकांशीं जो कोंवळा भाग असतो, त्यावर वारंवार आघात झाल्यास मनगट, टांच व कंबर दुखूं लागते. असें दुखणें आठवडाभर टिकलें, तर तें लपवूं नये. तेल चोळून पुन्हा खांबावर न चढतां डॉक्टरांस दाखवावें. स्त्रियांच्या वरिष्ठ आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेंत उतरण्यास त्या वर्षांत १६ वर्षें पूर्ण झालीं पाहिजेत असा नियम १९९७ पासून आहे. त्याच्या मुळाशीं वाढत्या शरीराची हीच काळजी आहे.

आपल्याच मातींतील एक उदाहरण या ठिकाणीं आठवण्यासारखें आहे. खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे. १९४८ सालीं लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत ते ५२ किलोच्या वजनगटांत कुस्ती खेळले. मातीच्या हौद्यांत वाढलेल्या या मल्लास तेथील गादी नवी, नियम नवे. तरी ते सहावे आले. एवढ्यावर समाधान मानणें सोपें होतें, खट्टू होऊन घरीं बसणें त्याहून सोपें होतें. त्यांनीं दोन्हीही केलें नाहीं. पुढील चार वर्षें त्यांनीं पुन्हा त्याच विद्येची तयारी केली, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें एक गट वर चढून, ५७ किलोच्या गटांत, कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास व्यक्तिगत खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, हेंही विसरतां कामा नये. वरची पायरी एकट्याच्या पायांनीं चढतां येत नाहीं. परंतु पदकाच्या मागें चार वर्षांची पुनरावृत्ति होती, हें मुख्य.

जिम्नॅस्टिक्समधील उदाहरण त्रिपुरेच्या दीपा कर्माकर यांचें. तळपाय सपाट असल्यामुळें त्यांस प्रारंभीं उडी घेऊन स्थिर उतरणेंच कठीण जाई. तो दोष घालविण्यांत बराच काळ गेला. २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकमध्यें हवेंत दोन कोलांट्या घेणारी अवघड उडी त्यांनीं मारली व त्या चौथ्या आल्या. कांस्यपदक अवघ्या ०.१५ गुणानें हुकलें. पुढील वर्षीं गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. जगाच्या अंतिम फेरींत पोंचलेल्या खेळाडूस पुन्हा पहिल्या पाठापासून सुरुवात करावी लागली. २०२४ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, त्यांनीं ताश्कंद येथील आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. मागें येणें म्हणजे संपणें नव्हे, हें यावरून दिसेल.

तेव्हां ज्यास यंदा त्याच पायरीवर राहावयाचें आहे, त्यानें तेंच वर्ष तसेंच पुन्हा घालवूं नये. गेल्या वर्षीं गुण कोठें कापले गेले, याची यादी गुरुजींकडून करून घ्यावी आणि एका महिन्यास एकच दोष घेऊन तो काढावा. सूर्यनमस्कार रोज तेच असतात. परंतु वर्षापूर्वींचा नमस्कार आणि आजचा नमस्कार यांत जाणत्यास अंतर दिसतें. तें अंतर हीच प्रगति.

ज्यास वरच्या गटांत जावयाचें आहे, त्यानें पहिलें वर्ष शिकण्याचें समजावें. एकदम सर्व संच नवा करूं नये. जुन्या पक्क्या कृतींत एखादी नवी गुंफावी. नवी कृति स्पर्धेंत घालण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. ताज्या दमांत नव्हे, तर सरावाच्या शेवटीं थकलेल्या अंगानेंही ती साधते काय ? दहांपैकीं निदान नऊ वेळां साधते काय ? आणि ती करतांना मनांत भीति आहे, कीं केवळ सावधपणा ? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक नसतील, तर ती सरावांतच ठेवावी.

पालकांस एवढीच विनंति, कीं घरीं आलेल्या मुलास 'कितवा आलास ?' असें न विचारतां 'आज काय नीट जमलें ?' असें विचारावें. शेजारच्या मुलाशीं तुलना करूं नये. दोघांचीं हाडें एका तारखेस वाढत नाहींत. वर चढविण्यासाठीं गुरुजींस गळ घालूं नये, आणि खालीं ठेविलें म्हणून मुलाचा खेळ बंद करूं नये. कित्येक गुणी मुलें खेळ सोडतात तीं पडल्यामुळें नव्हे, तर पडल्यावर घरीं काय ऐकावें लागेल या धास्तीनें.

शुभवर्तमानांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. त्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीं तर पाया घातल्यावर काम अर्धवट राहून लोक हंसतील, असा त्याचा आशय. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलासही तो लागू पडतो. ज्याचा पाया पक्का झाला, त्यानें भीति सोडून वर जावें. ज्याचा व्हावयाचा आहे, त्यानें लाज सोडून तो भरावा.