नकाशा कोणाच्या मालकीचा?

सिद्धेश्वर तलाव किंवा भुईकोट किल्ला कोणा एकट्याच्या मालकीचा नाही, हे सोलापूरकरांना सांगावयास नको. परंतु त्यांची मोजणी करून काढलेल्या नकाशाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कलाकृती मानले आहे. संगणकातील माहितीसंग्रहाला तोच कायदा साहित्यकृतींत बसवतो. मात्र नुसते श्रम पुरेसे नाहीत, निवडीत व मांडणीत विवेकबुद्धीही दिसली पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये घालून दिला.

आता असे समजू की, एका चादर-व्यापाऱ्याने आपल्या संकेतस्थळावर दुकानांचा नकाशा लावला आणि त्यामागची फाइलही लोकांना उतरवून घेण्यास दिली. आमच्या मते पहिला प्रश्न हा की, माहिती आली कोठून? स्वतः हिंडून नोंदली असेल, तर अटी त्यानेच ठरवाव्यात. गुगलच्या नकाशावरून ठिकाणे उतरवली असतील, तर गुगलच्या अटी आड येतात. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशातून घेतली असेल, तर ती धंद्यासाठीही वापरता येते. मात्र २०१२ पासून लागू असलेल्या त्याच्या परवान्याची दोन बंधने आहेत. श्रेय स्पष्ट दिले पाहिजे. आणि त्या संग्रहात भर घालून तो लोकांसमोर ठेवला, तर तोही त्याच परवान्याने खुला केला पाहिजे.

येथे व्यापारी दचकतो. "मग माझ्या गिऱ्हाइकांची यादीही द्यावी लागेल काय?" नाही. ती यादी स्वतंत्र ठेवली, नकाशाच्या संग्रहात मिसळली नाही, तर तिला हे बंधन लागत नाही. मूळ संग्रह न बदलता नुसते नकाशाचे चित्र दाखवले, तर श्रेय दिले की पुरे.

सरकारी माहितीचे दारही बरेच उघडले आहे. खुल्या सरकारी माहितीचा परवाना २०१७ मध्ये आला; १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे करण्यास व प्रसिद्ध करण्यास लागणारी पूर्वपरवानगी काढून टाकली. एक मीटरहून सूक्ष्म माहिती मात्र भारतीय संस्थांपुरती राखली आहे. देशाची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी; परदेशी फाइल जशीच्या तशी लावणाऱ्याने हे आधी तपासावे, कारण येथे चूक झाल्यास १९६१ च्या कायद्याने शिक्षेची तरतूद आहे.

म्हणून प्रत्येक फाइलीसोबत तीन ओळी असाव्यात: माहिती कोठून घेतली, कोणत्या परवान्याने दिली, आणि केव्हाची आहे. एवढे लिहिले नसेल, तर फाइल घेणारा प्रामाणिक माणूस ती वापरण्यास कचरतो, आणि कष्टाने केलेले काम पडून राहते.