चौकी नावाचा शेजारी

एक छोटीशी ओरल घेते. गेटसमोरच्या टपरीवर कटिंग कितीला मिळतो? झेरॉक्सवाला रविवारी किती वाजता उघडतो? सगळ्यांना तोंडपाठ! आता सांगा, आपलं हॉस्टेल कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं? बसली ना दातखीळ? आमच्या विंगमध्ये हा प्रश्न विचारला तेव्हा तिघींनी तीन वेगळी नावं सांगितली. चौथी म्हणाली, "अगं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपल्याला काय करायचंय?"

कोर्टाचं राहू दे, पण चौकीची पायरी कधीतरी चढावी लागतेच. गाडीवर ट्रिपल सीट पकडले गेलो तर, मोबाईल किंवा लॅपटॉप गेला तर, नाहीतर पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला. यातल्या प्रत्येक वेळी आपण एकतर घाबरलेले असतो किंवा घाईत. त्यात ठाण्यातलं मराठी! फिर्यादी, जबाब, मुद्देमाल, अदखलपात्र... माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला हे थर्मोडायनॅमिक्सपेक्षा जड. म्हणून सबमिशनच्या आधी जसं जर्नल पूर्ण करतो, तसं हेही आधीच करून ठेवलेलं बरं.

आधी माणसं ओळखूया. पोलीस ठाण्याचा प्रमुख म्हणजे साधारणपणे पोलीस निरीक्षक, आपल्या भाषेत पीआय. खांद्यावर दोन तारे असतील तर पीएसआय, तीन असतील तर एपीआय किंवा पीआय. ठाण्याच्या हद्दीत छोट्या चौक्या असतात आणि सगळ्या हद्दीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना म्हणतात बीट. आपल्या गल्लीची खडान्‌खडा माहिती असते ती बीटच्या अंमलदाराला. मोठ्या शहरांत मोटरसायकलवरून फिरणारे बीट मार्शल दिसतात. पुण्यात मुलींसाठी दामिनी पथक आहे, मुंबईत निर्भया पथक. आणि ठाण्यात शिरल्यावर पहिली गाठ पडते ठाणे अंमलदाराशी. आपली तक्रार ऐकून नोंद करायचं काम त्यांचं. "साहेब" म्हणा, "काका" म्हणा, "मॅडम" म्हणा, पण काय झालं, कुठे झालं, किती वाजता झालं हे सरळ सांगा. रडत-ओरडत सांगितलेल्या गोष्टीतून जबाब लिहिणं त्यांनाही कठीण जातं.

आता तो जड शब्द. गुन्हे दोन प्रकारचे. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकतात. त्याची नोंद म्हणजे एफआयआर. अदखलपात्र म्हणजे ज्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. त्याची नोंद म्हणजे एनसी. हा फरक हॉस्टेलवाल्यांना फार महत्त्वाचा, कारण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र ठरली आहे. म्हणजे जुना साधा फोन गेला तर एनसी, पण चाळीस हजारांचा लॅपटॉप गेला तर एफआयआर. म्हणून खरेदीची पावती जपून ठेवा. वस्तूची किंमत त्यावरूनच सांगता येते.

"ही आमची हद्द नाही, पलीकडच्या ठाण्यात जा" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. यावरही कायद्यात उत्तर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, मग तो कुठेही घडलेला असो. याला म्हणतात झिरो एफआयआर. नंतर तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे.

आणि नोंदवूनच घेतलं नाही तर? टोलवाटोलवी होते, हे काही गुपित नाही. पण दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. नकार मिळाला तर जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात उपायुक्तांकडे लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. मुलींनी आणखी एक लक्षात ठेवावं. साक्षीदार म्हणून जबाब द्यायला पोलीस बाईला ठाण्यात यायची सक्ती करू शकत नाहीत, त्यांनी ती राहते तिथे यायचं असतं.

मोबाईल गेला तर तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. 2023 पासून ही सोय देशभर आहे. त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो. आत्ताच फोनवर स्टार-हॅश-झिरो-सिक्स-हॅश दाबा आणि येणारा नंबर वहीत लिहा. (फोनमध्येच सेव्ह करणाऱ्या विद्वानांना कोपरापासून नमस्कार!)

रॅगिंगबद्दल तर सर्वांनाच सांगायला हवं, विद्यार्थ्यांना आणि स्टाफलाही. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची आणि तथ्य आढळलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे पाठवायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. त्यामुळे "हॉस्टेलचं हॉस्टेलमध्येच मिटवू" हे वाक्य दिसतं तितकं समजूतदार नाही.

पण ओळख फक्त संकटासाठीच ठेवायची का? भिवंडीचं उदाहरण बघा. 1984 साली तिथे भीषण दंगल झाली होती. पुढे 1988 मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. वस्तीतले हिंदू-मुसलमान रहिवासी आणि पोलीस एकत्र बसू लागले, बारीकसारीक कुरबुरी तिथेच बोलून मोकळ्या होऊ लागल्या. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. दंगलीच्या रात्री ओळख करून घेता येत नाही. ती आधीच्या चहाच्या कपावर झालेली असावी लागते.

आपल्या हॉस्टेललाही हे जमण्यासारखं आहे. रेक्टर सरांनी नोटीस बोर्डवर ठाण्याचं नाव, चौकीचा पत्ता आणि नंबर लावावा. फर्स्ट इयरची पोरं आली की पहिल्या आठवड्यात बीटच्या अंमलदारांना अर्ध्या तासासाठी बोलवावं. बाहेर रूम घेऊन राहणाऱ्यांनी घरमालकाकडून भाडेकरूची नोंद ठाण्यात झाली का, ते विचारावं. आणि दोन नंबर पाठ करावेत. तातडीच्या कुठल्याही मदतीसाठी 112 आणि ऑनलाईन पैशांची फसवणूक झाली तर लगेच 1930. जितका उशीर, तितके पैसे लांब.

तर मंडळी, या रविवारी झेरॉक्सवाला उघडायच्या आधी एक चक्कर चौकीपर्यंत मारून या. आत जायलाच पाहिजे असं नाही, नुसता रस्ता माहीत झाला तरी पुष्कळ. ओरलचा पहिला प्रश्न सुटला!